जर्मनी की जपान: दुसऱ्या महायुद्धात खरं लष्करी बळ कोणाकडे होतं?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचं सैन्य जास्त बलाढ्य होतं की जपानचं, आणि दोघे समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं?

आधी सरळ उत्तर देतो. जमिनीवर जर्मनी फार पुढे होता. समुद्रावर जपान इतका पुढे होता की तिथे तुलना करण्यात अर्थच नाही. हवेत १९४२ पर्यंत दोघेही पहिल्या प्रतीचे होते, पण वेगवेगळ्या कामांसाठी. आणि सैन्याच्या पाठीमागे उभे असणारे कारखाने, कोळसा, पोलाद हिशोबात धरलं, तर एकूण बळ जर्मनीचं निःसंशय मोठं होतं. ‘समोरासमोर’ या भागाकडे शेवटी येतो.

अशा चर्चेत लोक बहुधा टायगर विरुद्ध ची-हा हे रणगाडे, बिस्मार्क विरुद्ध यामातो या युद्धनौका अशा जोड्या लावतात. त्यातून फारसं काही कळत नाही. सैन्याचं बळ मोजायचं तर तीन गोष्टी विचाराव्यात. ते आपल्या तळापासून किती लांब जाऊन लढू शकतं? तिथे रोज किती टन माल पोचवू शकतं? आणि आज बुडालेलं जहाज, पडलेलं विमान, मेलेला वैमानिक यांची जागा किती महिन्यांत भरून निघते? पहिल्या प्रश्नावर जपान जिंकतो, दुसऱ्यावर दोघेही अडखळतात, आणि तिसऱ्यावर दोघेही हरले. जपान आधी आणि जास्त वाईट रीतीने.

पोलादापासून सुरुवात करू. १९४३ साली जर्मनीने सुमारे ३ कोटी टन पोलाद काढलं, जपानने ८० लाख टनांच्या आत. अमेरिकेचा त्याच वर्षाचा आकडा ८ कोटी टनांच्या घरात जातो. लोकसंख्येत मात्र दोघांत फारसा फरक नव्हता: ऑस्ट्रिया धरून जर्मनी ८ कोटींच्या जवळ, जपान ७ कोटींच्या थोडा वर. म्हणजे माणसं जवळपास तेवढीच, पण त्यांच्या हातात द्यायला पोलाद चौथा हिस्सा. शिवाय जपान हा बेटांचा देश, म्हणून त्या चौथ्या हिश्श्यातलं बरंचसं आधी जहाजांना लागायचं. यामातो या युद्धनौकेचं पूर्ण भारासह वजन ७२,००० टनांच्या आसपास होतं. त्यातून तेल, पाणी, दारूगोळा वजा केला तरी एका जहाजात हजारो रणगाड्यांचं पोलाद गेलं. जपानचे रणगाडे इतके हलके का, याचं पहिलं कारण इथे आहे. तंत्रज्ञांची बुद्धी कमी पडली नव्हती. १९४२ हे जपानी रणगाड्यांच्या उत्पादनाचं सर्वांत चांगलं वर्ष. त्यात सुमारे १,२०० रणगाडे बाहेर पडले. १९४४ मध्ये हा आकडा ४०० वर आला. त्याच १९४४ मध्ये बॉम्बवर्षाव सोसत असलेल्या जर्मनीने रणगाडे आणि स्वतः चालणारे तोफगाडे मिळून १८-१९ हजार गाड्या बनवल्या.

जर्मन सैन्याचं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांपुढे रणगाडे येतात, पण त्या सैन्याचा कणा पायदळाची दहा जणांची सेक्शन हा होता. ही सेक्शन एका मशीनगनभोवती बांधलेली असे. एमजी-४२ मिनिटाला १,२०० गोळ्यांच्या वेगाने चालायची. नळी तापली की काही सेकंदांत बदलायची, आणि बाकीचे जवान गोळ्यांचे पट्टे व जादा नळ्या वाहायचे. त्यामुळे थोडी माणसं रुंद आघाडी धरू शकत. याची किंमत मराठा पलटणीने इटलीत प्रत्यक्ष मोजली आहे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांची सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि त्यांच्याखेरीज सगळे जण मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. लगेच ते लपलेल्या नेमबाजाच्या गोळीला बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक मशीनगन गप्प करायला अख्खी सेक्शन खर्ची पडते, हे जर्मन संरक्षणाचं अचूक माप आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो अशाच मशीनगनच्या मोर्चांसमोर.

दुसरं जर्मन बळ म्हणजे कनिष्ठ अधिकाऱ्यांवर टाकलेला विश्वास. वरून ‘काय साधायचं’ एवढंच सांगायचं. ‘कसं’ हे जागेवरचा लेफ्टनंट ठरवायचा. १९४० मध्ये फ्रान्स सहा आठवड्यांत पडला तेव्हा फ्रेंचांचे कित्येक रणगाडे जर्मनांपेक्षा जाड चिलखताचे होते. पण जर्मन रणगाड्यांत वायरलेस होता आणि आत बसलेल्याला स्वतः निर्णय घ्यायची सवय होती.

आता उणी बाजू. हे सैन्य यांत्रिक होतं ते फक्त टोकाला. २२ जून १९४१ रोजी रशियावर चाल केली तेव्हा ३० लाखांच्या आसपास जर्मन सैनिकांबरोबर सुमारे ६ लाख वाहनं होती आणि त्याहून थोडे जास्तच घोडे होते. वाहनंही जर्मन, फ्रेंच, चेक अशी शेकडो प्रकारांची. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसायचा नाही. रशियन रेल्वेचा गेज जर्मन गेजपेक्षा जवळजवळ ९ सेंटिमीटर रुंद, म्हणून प्रत्येक रूळ उखडून आत सरकवावा लागे. हिवाळ्यात जर्मन इंजिनांच्या बाहेरून जाणाऱ्या पाण्याच्या नळ्या गोठून फुटल्या. मॉस्कोसमोर जर्मन आक्रमण थांबलं त्यात थंडीचा वाटा सांगितला जातो, तो खराच आहे. पण थंडी पडण्याआधीच रेल्वेस्थानकापासून आघाडीपर्यंतची रसद ताणली जाऊन तुटत आली होती.

स्टालिनग्राडमध्ये तर हिशोब उघडाच दिसतो. वेढ्यात अडकलेल्या सहाव्या आर्मीला जगायला रोज किमान ३०० टन आणि नीट लढायला ५०० टन माल हवा होता. विमानांनी सरासरी शंभर-सव्वाशे टनांच्या आसपास पोचवला. २ फेब्रुवारी १९४३ रोजी शेवटचा प्रतिकार संपला तेव्हा ९०,००० च्या वर माणसं कैद झाली. या पुरवठ्यासाठी वैमानिक-प्रशिक्षणाच्या शाळांतून विमानं आणि शिक्षक उचलून आणले होते, आणि एकूण सुमारे ४९० वाहतूक विमानं गमावली. शिक्षक मेले म्हणजे पुढच्या वर्षीचे वैमानिक मेले. १९४४ मध्ये जर्मन हवाई दल कोसळलं त्याची एक मुळी इथे आहे.

पँथर रणगाड्याची गोष्ट जर्मन उद्योगाची ताकद आणि दुखणं दोन्ही दाखवते. ४५ टनांचा, लांब नळीची ७५ मिलिमीटर तोफ, पुढे उतरतं जाड चिलखत. कागदावर त्या काळातला बहुधा सर्वोत्तम. पण दातेरी चाकं कापणारी यंत्रं कमी पडत असल्यामुळे चाकांना शक्ती देणाऱ्या शेवटच्या गिअरमध्ये ठरलेल्या रचनेऐवजी सरळ दात्यांची साधी जोडी बसवली. तेवढ्या वजनाला ती पुरत नव्हती. युद्धानंतर हेच रणगाडे वापरलेल्या फ्रेंचांना या भागाचं आयुष्य सरासरी १५० किलोमीटर आढळलं. जुलै १९४३ मध्ये रशियातल्या कुर्स्कला २०० पँथर उतरवले. काही दिवसांतच त्यांतले मूठभर चालू स्थितीत उरले. टायगरची एकावर एक चढलेली चाकं चिखलाने भरायची आणि रात्री गोठायची, आणि आतलं एक चाक बदलायला बाहेरची अनेक काढावी लागायची. थोडे, अवजड, उत्कृष्ट रणगाडे की पुष्कळ, साधे, दुरुस्त होणारे रणगाडे, या निवडीत जर्मनी चुकला असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच काळातली साधी, बुटकी श्टुग-३ तोफगाडी सुमारे दहा हजारांच्या संख्येने बनली, आणि खर्चाच्या मानाने तिने जास्त काम केलं.

जपानी भूदलाकडे वळू. ते मुळात चीनशी लढायला आणि मांचुरियात रशियनांना रोखायला बांधलेलं, कमी तोफांचं, पायी चालणारं सैन्य होतं. डिसेंबर १९४१ मध्ये त्याच्या ५१ डिव्हिजन, म्हणजे हजारो जवानांच्या मोठ्या तुकड्या, होत्या. मलाया, फिलिपिन्स, डच ईस्ट इंडीज, ब्रह्मदेश या सगळ्यांवर त्यांतल्या केवळ ११ पाठवल्या. बाकीच्या बहुतेक चीन आणि मांचुरियात अडकून होत्या. एवढ्यावर त्यांनी काय केलं ते पाहा. ८ डिसेंबर १९४१ ला मलाया मोहिमेसाठी उतरलेलं जनरल यामाशिता यांचं सैन्य ७० दिवसांत सुमारे १,१०० किलोमीटर खाली आलं, आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांच्याहून दुपटीने मोठ्या ब्रिटिश-भारतीय-ऑस्ट्रेलियन फौजेने सिंगापूरला शस्त्रं खाली ठेवली. शरण आलेल्या हजारो भारतीय सैनिकांतूनच पुढे आझाद हिंद फौज उभी राहिली.

या धावेचं वाहन होतं सायकल. एका डिव्हिजनला सुमारे ६,००० सायकली. पूल उडवला तर सायकल खांद्यावर घेऊन नदी ओलांडायची. टायर फुटला तर नुसत्या रिमवर पुढे जायचं; डांबरी रस्त्यावर त्या रिमांचा खडखडाट रात्री रणगाड्यांसारखा ऐकू यायचा. युद्धापूर्वी मलायात जपानी सायकली खूप विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे सुटे भाग गावोगावी सापडत. समोरून अडवून धरायचं, बाजूच्या रबराच्या मळ्यांतून किंवा समुद्रातून होड्यांनी वळसा घालून मागे नाकेबंदी करायची, शत्रूने सोडलेल्या शिध्यावर पुढे जायचं, ही रीत. यातला शेवटचा भाग नीट लक्षात घ्या, कारण पुढे त्यानेच घात केला.

जपानी जवानाचं हलकं शस्त्र उत्तम होतं. ५० मिलिमीटरची छोटी उखळी तोफ एका माणसाला उचलता येई आणि साडेसहाशे मीटरच्या आसपास मारा करी. (अमेरिकन सैनिक तिला ‘गुडघ्याची तोफ’ समजले, गुडघ्यावर ठेवून उडवणाऱ्यांची हाडं मोडली. ती जमिनीला टेकवूनच उडवायची असते.) रात्रीचा हल्ला, छपून बसणं, खणून घेणं यांत जपानी जवान जर्मनापेक्षा कमी नव्हता, शेवटपर्यंत न हटण्यात तर वरचढच होता. इवो जिमा या बेटावर सुमारे २१,००० जपानी होते. लढाई चालू असताना त्यांतले दोनशेच्या आसपासच जिवंत पकडले गेले.

पण समोर मोठा तोफखाना आणि रणगाडे आले की हे सैन्य उघडं पडे. मे ते सप्टेंबर १९३९ मध्ये मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोल इथे रशियन सेनापती झुकोव्ह यांनी जपानची २३ वी डिव्हिजन जवळपास नष्ट केली. जपानी रेल्वेस्थानक आघाडीपासून २०० किलोमीटरवर होतं, रशियनांचं साडेसहाशेहून जास्त. जपान्यांनी मानलं की इतक्या लांबून कोणी मोठं सैन्य पोसूच शकणार नाही. रशियनांनी हजारो ट्रक लावून ते पोसलं. जर्मन आणि जपानी सैन्याला रशियनांच्या हातून मिळालेला धडा एकच आहे, पण जपानला तो दोन वर्षं आधी मिळाला आणि १९४१ मध्ये त्याने उत्तरेऐवजी दक्षिणेकडे तोंड वळवलं, त्यामागे हाही अनुभव होता. तिथे वापरलेला हा-गो रणगाडा ७.४ टनांचा, चिलखत जास्तीत जास्त १२ मिलिमीटर. टायगरचं पुढचं चिलखत १०० मिलिमीटर.

मार्च १९४४ मधली इंफाळ-कोहिमाची चढाई आपल्या भूमीवर झाली, म्हणून तिच्याकडे नीट बघायला हवं. जपानी सेनापती मुतागुची यांच्या १५ व्या आर्मीच्या तीन डिव्हिजन, सुमारे ८५,००० माणसं, तीन आठवड्यांच्या शिध्यावर ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून निघाल्या. बरोबर हजारो गुरं हाकली होती, ओझं वाहतील आणि मग कापून खाता येतील म्हणून. कित्येक गुरं नदीत आणि डोंगरकड्यांवर मेली. बेत मलायासारखाच होता: इंफाळची ब्रिटिश कोठारं ताब्यात घ्यायची आणि त्यावर जगायचं. या वेळी ती मिळाली नाहीत. वाटेत सांगशाकला एका भारतीय छत्रीधारी (पॅराशूट) ब्रिगेडने आणि तिच्यासोबतच्या चौथ्या मराठा बटालियनने २६ मार्चपर्यंत झुंज दिली आणि कोहिमाकडे जाणाऱ्यांचे मोलाचे दिवस खाल्ले. इंफाळ वेढलं गेलं, पण त्याला विमानांनी अन्न मिळत राहिलं. जर्मनांना स्टालिनग्राडला जे जमलं नाही ते इथे मित्रराष्ट्रांना जमलं. कोहिमाचे जपानी सेनापती सातो यांनी हुकूम मोडून उपाशी माणसं मागे घेतली. परतीच्या वाटेवर पाऊस, हगवण, मलेरिया. एकूण मृत ३०,००० च्या आसपास, आणि त्यांतल्या फार मोठ्या भागाला गोळी लागलेलीच नव्हती. संपूर्ण युद्धात मेलेल्या जपानी सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक भुकेने आणि रोगाने गेले असा इतिहासकार फुजिवारा अकिरा यांचा निष्कर्ष आहे. जर्मन सैन्यानेही हाल सोसले, पण रसदीकडे इतकं ठरवून दुर्लक्ष त्याने केलं नाही.

समुद्रावर चित्र पूर्ण उलटतं. डिसेंबर १९४१ मध्ये जपानकडे १० विमानवाहू नौका होत्या. जर्मनीकडे एकही नाही. ‘ग्राफ झेपेलिन’ १९३८ मध्ये पाण्यात उतरवली, पण ती कधीच पूर्ण झाली नाही. जपानने सहा मोठ्या विमानवाहू नौका एकत्र चालवायला सुरुवात केली, हा त्या काळातला जगातला सर्वांत पुढचा विचार होता. भर समुद्रात तेल भरत त्या हवाई बेटांपर्यंत गेल्या आणि दोन लाटांत साडेतीनशेच्या वर विमानं सोडली. एप्रिल १९४२ मध्ये याच ताफ्यातल्या पाच नौका हिंदी महासागरात आल्या, कोलंबो आणि त्रिंकोमालीवर तुटून पडल्या, ब्रिटिशांची ‘हर्मीस’ ही विमानवाहू नौका बुडवली. त्याच मोहिमेत दुसऱ्या एका छोट्या जपानी ताफ्याच्या विमानांचे बॉम्ब विशाखापट्टणम आणि काकीनाडावर पडले. तळापासून इतक्या लांब इतका मोठा फटका मारणं जर्मनीला कधीच शक्य नव्हतं. १९४० मध्ये इंग्लंडवर उतरायचा बेत केला तेव्हा जर्मनीकडे उतरायच्या होड्याच नव्हत्या. नद्या-कालव्यांतले सुमारे २,४०० पडाव गोळा करावे लागले. पुढची झडप खाली पडून जवान थेट किनाऱ्यावर धावतील अशा दायहात्सू होड्या जपान १९३० च्या दशकापासून वापरत होता. जर्मन व्यापारी जहाजांची स्थिती काय होती ते आपल्या गोव्यात बघायला मिळत होतं: तीन जर्मन जहाजं १९३९ पासून तटस्थ पोर्तुगीज मुरगाव बंदरात अडकून पडली, आणि मार्च १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या छाप्यात त्यांच्याच खलाशांनी ती पेटवून बुडवली.

पाणतीराची (टॉर्पेडोची) तुलना फार बोलकी आहे. जपानचा ९३ क्रमांकाचा पाणतीर ६१ सेंटिमीटर व्यासाचा, ४९० किलो स्फोटकांचा. पूर्ण वेगाने २० किलोमीटर आणि वेग कमी केला तर ४० किलोमीटर जायचा. त्यात हवेऐवजी शुद्ध प्राणवायू जळे, म्हणून पाण्यावर बुडबुड्यांची रेघ जवळजवळ उमटत नसे. प्राणवायूच्या नळीत तेलाचा थेंब राहिला तर स्फोट ठरलेला, म्हणून नळ्या कमालीच्या स्वच्छ ठेवाव्या लागत, आणि सुरुवात साध्या हवेवर करून मग हळूहळू प्राणवायूवर जायचं, ही युक्ती जपानी अभियंत्यांनी काढली. धोका मात्र जहाजावरच बसलेला असे: पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईत ‘मिकुमा’ या जपानी क्रूझरवर बॉम्ब पडले आणि तिचेच पाणतीर फुटून ती गेली. इकडे जर्मनीचे पाणतीर १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत खोलीची आणि चुंबकीय फ्यूजची चूक होऊन जहाजांखालून निघून जात होते किंवा वेळेआधी फुटत होते.

एका ठिकाणी मात्र जर्मन नौदल जपानपेक्षा शहाणं होतं: व्यापारी जहाजं बुडवण्यात. सप्टेंबर १९३९ मध्ये ५७ पाणबुड्यांनी सुरुवात करून जर्मनीने युद्धात १,१०० हून जास्त पाणबुड्या ताफ्यात आणल्या आणि ब्रिटनचा घास तोंडाशी अडवला. मे १९४३ मध्ये एका महिन्यात ४१ पाणबुड्या गेल्या तेव्हा ती लढाई उलटली. जपानच्या पाणबुड्या मोठ्या, लांब पल्ल्याच्या आणि उत्तम पाणतीरांच्या होत्या, पण त्यांना सांगितलेलं काम होतं युद्धनौका शोधायचं. पुढे तर उपाशी बेटांवर तांदूळ पोचवायचं. आणि स्वतःची व्यापारी जहाजं वाचवायचा विचार इतका उशिरा झाला की संरक्षक ताफ्यांची एकत्रित व्यवस्था नोव्हेंबर १९४३ मध्ये उभी राहिली. युद्धाच्या सुरुवातीला जपानकडे ६० लाख टनांची व्यापारी जहाजं होती. नव्या बांधलेल्या आणि पकडलेल्या जहाजांसह एकूण ८९ लाख टन बुडाली, त्यांतली निम्म्याहून जास्त अमेरिकन पाणबुड्यांनी. जर्मनीला जे ब्रिटनविरुद्ध साधलं नाही, ते अमेरिकेने जपानविरुद्ध साधलं. तेलाच्या विहिरी ताब्यात होत्या, पण तेल घरी येत नव्हतं.

हवेतली तुलना करताना सर्वांत न्याय्य कसोटी म्हणजे दोन्ही देशांत बनलेलं एकच इंजिन. जर्मनीचं डीबी-६०१ हे पाण्याने थंड होणारं इंजिन मेसरश्मिट-१०९ या लढाऊ विमानात होतं. जपानने त्याचा परवाना घेतला. आणि एकदा नाही, दोनदा. भूदलासाठी कावासाकीने वेगळा, नौदलासाठी आइचीने वेगळा. एकच इंजिन, दोन कारखाने, दोन नावं, भाग एकमेकांना न बसणारे. जर्मनीत हे इंजिन भरवशाचं होतं. जपानमध्ये निकेलच्या टंचाईमुळे क्रँकशाफ्टच्या पोलादातून निकेल कमी केलं, बेअरिंगची घडाई तितकी बारीक जमली नाही, आणि न्यू गिनीच्या उष्ण दमट तळांवर हे इंजिन बसवलेली भूदलाची ‘हिएन’ लढाऊ विमानं तेलगळती आणि बेअरिंग जळण्याने जमिनीवर बसली. पुढे इंजिनाविना पावणेतीनशे सांगाडे कारखान्यात उभे राहिले. १९४५ मध्ये त्यांना हवेने थंड होणारं मित्सुबिशीचं इंजिन बसवलं आणि त्यातून एक खरोखर चांगलं लढाऊ विमान तयार झालं. जपानी अभियंते आरेखनात कमी नव्हते. त्यांच्याखालची धातूंची, यंत्रांची आणि कुशल फिटरांची पायरी पातळ होती. झीरो या जपानी नौदलाच्या लढाऊ विमानाचे पहिले नमुने नागोयाच्या कारखान्यातून ४८ किलोमीटरवरच्या विमानतळावर बैलगाडीने नेले होते, कारण रस्ते खराब होते. निकेलने जर्मनीलाही सोडलं नाही: मेसरश्मिट-२६२ या जेट विमानाच्या इंजिनात उष्णता सोसणारे मिश्रधातू घालता आले नाहीत, म्हणून ते इंजिन १० ते २५ तासांत बदलावं लागे.

झीरोचा पल्ला जादा टाकीसह ३,००० किलोमीटरच्या वर होता. मेसरश्मिट-१०९ ला १९४० मध्ये लंडनवर जेमतेम दहा-पंधरा मिनिटं थांबता येई. पण झीरोचं इंजिन साडेनऊशे अश्वशक्तीच्या आसपासचं, म्हणून पल्ला मिळवायला वजन कापलं: वैमानिकामागे चिलखत नाही, गोळी लागल्यावर आपोआप बुजणारी टाकी नाही. एका नेमक्या फैरीत ते पेटे आणि वैमानिक जाई. जपानला खरा तुटवडा त्याचाच पडला. युद्धापूर्वी नौदलाचे वैमानिक सातशे-आठशे तासांचा अनुभव घेऊन ताफ्यावर येत. त्यांना मागे आणून शिक्षक करायची पद्धत नव्हती. ते मरेपर्यंत आघाडीवर राहत. जर्मनांचंही तेच. अमेरिकन मात्र अनुभवी वैमानिक परत नेऊन शाळेत बसवत. १९ जून १९४४ रोजी पॅसिफिकमधल्या मारियाना बेटांजवळ नवशिक्या जपानी वैमानिकांची शेकडो विमानं एका दिवसात पडली. त्याच दिवशी ‘तायहो’ ही नवी, चिलखती विमानवाहू नौका एकाच पाणतीराने गेली. धक्का सोसण्यासारखा होता. पण फुटलेल्या टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर घालवायला जहाजभर वायुवीजन सुरू केलं, वाफ सगळीकडे पसरली, आणि काही तासांनी स्फोट झाला.

इंधनात दोघांची गत शेवटी एकच झाली, पण जर्मनीने जास्त काळ तग धरला. कोळशापासून पेट्रोल करणारे ल्यूनासारखे कारखाने आणि रुमानियातलं प्लोएश्ती हे तेलक्षेत्र, हे त्याचे दोन आधार. मे १९४४ पासून त्या कारखान्यांवर बॉम्ब पडू लागले आणि विमानांच्या पेट्रोलचं तिथलं मासिक उत्पादन एप्रिलमधल्या १,७५,००० टनांवरून जुलैमध्ये ३०,००० आणि सप्टेंबरमध्ये ५,००० टनांवर आलं. म्हणजे ज्या वर्षी जर्मनीने सर्वांत जास्त, जवळपास ४०,००० विमानं बनवली, त्याच वर्षी ती उडवायला पेट्रोल नव्हतं. नवशिक्यांचे उड्डाणाचे तासही त्यामुळेच कापले. जपानने १९४४ मध्ये २८,००० विमानं बनवली आणि त्याच भोवऱ्यात सापडला.

दोन्हीकडच्या उत्पादनाच्या आकड्यांमागे माणसं आहेत, ती वगळून हा हिशोब मांडता येत नाही. १९४४ मध्ये जर्मनीत ७० लाखांहून अधिक परदेशी लोक सक्तीने राबत होते, त्यांत छळछावण्यांतले कैदीही होते. जपानने थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेचे ४१५ किलोमीटर युद्धकैद्यांकडून आणि आशियाई मजुरांकडून बांधून घेतले; १२,००० च्या वर युद्धकैदी आणि त्यांच्या कित्येक पट मजूर मेले. मलायाच्या मळ्यांतून नेलेले तमिळ कामगार त्यांत फार मोठ्या संख्येने होते. ही रेल्वे ब्रह्मदेशातल्या जपानी सैन्याला पोसण्यासाठी होती.

आता एकमेकांविषयी. हे दोघे मित्र होते, पण त्यांचं एकत्र युद्ध असं कधी झालंच नाही. एप्रिल १९४१ मध्ये जपानने रशियाशी तटस्थतेचा करार केला आणि जर्मनी रशियाशी लढत असताना तो पाळला. अमेरिकेने रशियाला पाठवलेल्या मदतीपैकी वजनाने जवळपास निम्मी मदत सोव्हिएत झेंड्याच्या जहाजांतून जपानच्या किनाऱ्याजवळून व्लादिवोस्तोकला गेली. अमेरिकेच्या ट्रकांवर आणि डब्यातल्या मांसावर रशियन सैन्य बर्लिनपर्यंत चाललं. जर्मनी आणि जपान यांच्यामधला शेवटी एकमेव चालू मार्ग उरला पाणबुडीचा. नेताजी सुभाषचंद्र बोस फेब्रुवारी १९४३ मध्ये कीलहून जर्मन पाणबुडीने निघाले आणि एप्रिलअखेर मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून जपानी पाणबुडीवर गेले. दोन साम्राज्यांमधली देवाणघेवाण एवढ्यात मावत होती.

त्यामुळे ‘समोरासमोर कोण जिंकलं असतं’ याचं उत्तर असं: युरोपच्या मैदानात जपानी डिव्हिजन जर्मन तोफखान्यासमोर फक्त काही आठवडेच टिकल्या असत्या. पॅसिफिकमध्ये जर्मन सैन्य पहिल्या बेटावरही पोचलं नसतं. १९४३ मध्ये जपानने जर्मनीकडून एक टायगर रणगाडा विकत घेतला, बघायला आणि शिकायला. तो फ्रान्समधल्या बोर्दो बंदरापर्यंत गेला. तिथून तो जपानला न्यायला सुरक्षित जहाज मिळेना. ५० टनांच्या वरचं ते धूड तिथेच पडून राहिलं आणि १९४४ मध्ये जर्मन सैन्यानेच ते आपल्या कामासाठी परत घेतलं.